ऑपरेशनपूर्वी रुग्णाला थिएटरची वाट दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून त्याला शस्त्रक्रियेची माहिती देण्याची पद्धत आता जगातल्या अनेक रुग्णालयांत रुळू लागली आहे. आभासी वास्तव, म्हणजे ज्याला बोलताना सगळे व्हीआर म्हणतात, ते डोळ्यांभोवती खरे वाटणारे दृश्य उभे करणारे तंत्र खेळ आणि करमणुकीच्या जगातून रुग्णालयात आले याचे मला मनापासून स्वागत करावेसे वाटते. मात्र हे तंत्र कशासाठी वापरायचे, त्यातून रुग्णाला नेमके काय दाखवायचे आणि ते दाखवल्यानंतरही डॉक्टरांचे व परिचारिकांचे कोणते काम शिल्लक उरते, याविषयी फारसे कोणी बोलताना दिसत नाही. मी नोकरीची बहुतेक वर्षे ऑपरेशन थिएटर आणि त्याला लागून असलेली रिकव्हरी रूम, म्हणजे शुद्धीवर येईपर्यंत रुग्णाला जिथे ठेवतात ती खोली, येथे परिचारिका म्हणून काढली. त्या अनुभवाच्या आधारे मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. रुग्णाला त्याच्या शरीराच्या आतले दाखवण्याआधी त्याच्या वाट्याला प्रत्यक्ष जे येणार आहे ते दाखवा, आणि दाखवून झाल्यावर त्याच्याजवळ बसून बोला.

शस्त्रक्रियेची माहिती म्हणून रुग्णाला जे सांगितले जाते, ते बहुतांशी शल्यविशारदाच्या जागेवरून पाहिलेले असते. छेद कुठे घेणार, कोणता अवयव काढणार किंवा दुरुस्त करणार, टाके केव्हा काढणार, कोणती गुंतागुंत होऊ शकते, हे सारे सांगायलाच हवे. परंतु त्यातला सर्वांत मोठा भाग घडत असताना रुग्ण बहुधा भुलीच्या अमलाखाली असतो आणि त्याला त्यातले काहीच जाणवत नाही. त्याला जाणवते ते त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे. वॉर्डातून स्ट्रेचर निघाले की छतावरचे दिवे डोक्यावरून एकामागून एक मागे सरकू लागतात. एका दारापाशी घरची माणसे थांबतात आणि तिथून पुढे भेटणारी सगळी माणसे टोपी-मास्कमधली, नुसते डोळे दिसणारी असतात. थिएटरमधला गारवा अंगाला झोंबतो. ऑपरेशनचे टेबल पलंगापेक्षा बरेच अरुंद असते आणि त्यावर सरकून झोपताना आपण खाली पडू अशी धास्ती वाटते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा, छातीला चिकटपट्ट्या, आणि कुठून तरी सतत येणारा यंत्राचा टीक-टीक आवाज. यातली एकही गोष्ट धोक्याची नाही. पण आधी कोणी सांगितलेली नसेल तर प्रत्येक गोष्ट भीतीत थोडी थोडी भर घालत जाते.

त्यातच रुग्णाला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले जातात. तुमचे पूर्ण नाव काय, कशाचे ऑपरेशन आहे, उजव्या बाजूचे की डाव्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी आणली, तेव्हापासून हे प्रश्न भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वी ठरावीक क्रमाने पडताळून पाहण्याची शिस्त सर्वत्र पसरली. आम्हा काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही रुग्णाच्या जिवाची काळजी आहे. टेबलावर झोपलेल्या माणसाला मात्र वाटते की, ज्यांच्या हाती आपण जीव सोपवला त्यांना आपले नाव आणि आपला दुखरा गुडघा कोणता हेही ठाऊक नाही. ‘अहो, फाइलमध्ये लिहिलेले नाही का?’ असे घाबऱ्या आवाजात विचारणारे कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत. हे प्रश्न का विचारले जातात ते आदल्या दिवशी कोणी सांगितले असते, तर त्याच प्रश्नांनी त्यांना धीर आला असता.

शुद्धीवर येतानाचा काळ तर याहून अवघड असतो आणि त्याविषयी सर्वांत कमी सांगितले जाते. घशात नळी घातलेली असते, म्हणून घसा खवखवतो. अंग थरथरते, दात वाजतात. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे नळी, घातलेला असला तर मूत्राशय रिकामे असूनही लघवीला जोराची लागल्यासारखे वाटत राहते. असा एखादा रुग्ण अर्धवट शुद्धीत ‘मला जाऊ द्या, मला जाऊ द्या’ म्हणत टेबलावरून उतरू पाहतो, कॅथेटर ओढतो, आणि त्याला धरून ठेवण्यासाठी धावलेल्या आम्हा लोकांना पाहून आणखीच बिथरतो. कमरेतून भूल दिलेल्या एका वयस्कर बाईंनी पायांवर हात फिरवून पाहिला. हाताला पाय लागत होते, पण पायांना हात लागत नव्हता. त्यांनी अगदी हळू आवाजात मला विचारले, ‘बाई, पाय गेले का हो माझे?’ त्यांचे ऑपरेशन पोटाचे होते. कमरेखालची संवेदना काही तास परतणार नाही, हे त्यांना सांगितले गेले होते अशी नोंद कागदावर होती आणि ती खोटी नव्हती. ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते, एवढेच.

सांगितलेले पोहोचत नाही, हा काही एखाद्या रुग्णालयाचा किंवा एखाद्या अडाणी रुग्णाचा दोष नाही. रॉय केसेल्स या डच संशोधकाने २००३ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतो आणि जी लक्षात राहते तीतली जवळजवळ निम्मी चुकीची लक्षात राहते, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. घाबरलेल्या मनाला एखादा शब्द पकडून बसण्याची खोड असते. ‘कर्करोग नसावा’ या वाक्यातला ‘कर्करोग’ तेवढा ऐकू येतो आणि पुढची दहा मिनिटे वाया जातात. अशा माणसाच्या हातात चार पानी पत्रक देऊन त्याखाली सही घेतली, की माहिती दिल्याची नोंद पूर्ण होते आणि माहिती मिळण्याचे काम तसेच राहते.

वास्तविक नीट सांगितल्याने काय साधते हे फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ लॉरेन्स एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांवर एक अभ्यास केला आणि तो १९६४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची माहिती मिळाली. दुसऱ्या गटाला भूलतज्ज्ञांनी स्वतः भेटून सांगितले की दुखणार आहे, कुठे दुखेल, किती दुखेल, किती काळ दुखेल, स्नायू सैल कसे सोडायचे आणि कुशीवर कसे वळायचे. या दुसऱ्या गटाला शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक अफूजन्य औषधे सुमारे निम्मीच लागली. कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हते, तरीही त्यांनी या रुग्णांना सरासरी २.७ दिवस आधी घरी पाठवले. यात कोणतेही यंत्र नव्हते. एक डॉक्टर, एक रुग्ण आणि त्यांच्यातला प्रामाणिक संवाद एवढेच होते. ‘काही दुखणार नाही’ असे खोटे आश्वासन त्यात नव्हते, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते.

मग हेडसेटची गरज काय, असे कोणी विचारील. गरज आहे, आणि ती का आहे हे समजून घेतले पाहिजे. डोके हलवले की दृश्यही त्यानुसार हलते अशी डोक्यावर चढवायची यंत्रणा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच बनवून दाखवली होती. ती इतकी जड होती की छतापासून टांगावी लागे. आज तेच काम हाताच्या ओंजळीत मावणारे उपकरण करते. पडद्यावरचा व्हिडिओ पाहताना माणूस त्या खोलीबाहेर बसून आत डोकावत असतो. हेडसेट घातल्यावर तो त्या खोलीत असतो. वर पाहिले तर वरचे दिवे दिसतात, मान वळवली तर शेजारी उभी असलेली परिचारिका दिसते. स्ट्रेचरवर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ३६० अंशांचा कॅमेरा ठेवून वॉर्डापासून रिकव्हरीपर्यंतचा प्रवास चित्रित केला, तर ‘पाय गेले का’ असे विचारणाऱ्या त्या बाईंना जे शब्दांतून कळले नाही ते पाच मिनिटांत कळू शकते. एखादी जागा एकदा पाहिलेली असली की दुसऱ्यांदा तिथे जाताना मन तिला सरावलेले असते. शस्त्रक्रियेच्या रुग्णाला तर सहसा ही पहिली खेप मिळतच नाही; तो पहिल्यांदा थिएटर पाहतो तेच मुळी ऑपरेशनच्या दिवशी.

दक्षिण कोरियातल्या एका रुग्णालयात ४ ते १० वर्षांच्या ६९ मुलांवर नेमका हाच प्रयोग झाला आणि तो २०१७ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत प्रसिद्ध झाला. मुलांच्या ओळखीचा कार्टूनमधला एक पेंग्विन त्यांना सुमारे चार मिनिटांत थिएटर दाखवून आणतो आणि भूल कशी देतात ते समजावतो. ज्या मुलांनी ही सफर केली, त्यांची भूल देण्यापूर्वीची अस्वस्थता नुसती तोंडी माहिती मिळालेल्या मुलांपेक्षा कमी होती आणि मास्क लावताना त्यांनी अधिक सहकार्य केले. मास्क लावताना आक्रोश करणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाला चौघांनी धरून भूल द्यावी लागते तेव्हा त्या मुलाचे आणि दाराबाहेर तो आवाज ऐकणाऱ्या आईचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निष्कर्षाचे मोल सांगावे लागणार नाही.

पण एवढ्यावरच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या बालरुग्णालयात ४ ते १२ वर्षांच्या २०० मुलांना घेऊन अशीच चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे हेडसेटमधून थिएटर पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या मुलांच्या अस्वस्थतेत फरक आढळला नाही. मात्र टॉन्सिल आणि ॲडिनॉइड (नाकामागची ग्रंथी) यांसारख्या अधिक दुखऱ्या शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, आधी हेडसेट वापरलेल्या मुलांना जादा वेदनाशामक कमी वेळा द्यावे लागले. दोन चांगल्या चाचण्या आणि दोन वेगळी उत्तरे. यावरून तंत्र निरुपयोगी ठरत नाही, पण हेडसेट म्हटला की भीती पळाली असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही. जिथे मुलांना एरवीही नीट समजावले जाते, आईवडिलांना भूल देताना आत थांबू दिले जाते, तिथे यंत्राने आणखी भर पडायला जागा थोडीच उरत असावी, असा माझा अंदाज आहे. ज्या रुग्णालयांत समजावण्याचीच वानवा आहे, तिथे फरक मोठा दिसेल. मोठ्या माणसांच्या बाबतीतही आशादायक पुरावा आहे. अमेरिकेत मेंदूच्या व मणक्याच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या १२७ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, हेडसेटमधून आधी अनुभव घेतलेल्या रुग्णांना अधिक समाधान वाटले, आपली तयारी झाली आहे असे वाटले आणि ताणही कमी जाणवला.

येथे एक घोटाळा दूर करायला हवा. रुग्णालयात हेडसेट दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरला जातो आणि दोन्ही कामे एकाच नावाखाली खपवली जातात. एक काम मन दुसरीकडे गुंतवण्याचे. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाळ दरीतला एक आभासी खेळ तयार केला. जखमांचे ड्रेसिंग बदलताना रुग्ण त्या खेळात रमला की त्याला वेदना कमी जाणवतात, हे त्यांनी दाखवून दिले, आणि ते काम थोर आहे. दुसरे काम माहिती देण्याचे, रुग्णाला वास्तवाकडे तोंड करून उभे करण्याचे. ऑपरेशनच्या आधी हेडसेटमधून समुद्रकिनारा आणि शांत संगीत दाखवून रुग्णाचा श्वास संथ होत असेल तर ते जरूर करावे. पण त्याला रुग्णशिक्षण म्हणू नये. समुद्रकिनारा पाहून आलेल्या रुग्णाला शुद्धीवर येताना कॅथेटरचे तितकेच नवल वाटणार आहे.

सर्वांत जास्त झगमगाट असतो तो त्रिमितीय शरीरदर्शनाचा. सीटी आणि एमआरआयच्या चित्रांतून रुग्णाच्या स्वतःच्या मेंदूचे किंवा हृदयाचे आभासी रूप तयार करायचे आणि डॉक्टर व रुग्ण दोघांनी त्यात शिरून हिंडायचे, असा वापर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेंदूशल्यचिकित्सा विभागात झालेला आहे. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला आहे, तो वाहिनीच्या दुभाजनाजवळ असल्याने बाहेरून क्लिप लावायची की वाहिनीतून आत तार सोडून तो भरून टाकायचा, हा निर्णय समजून घ्यायला अशा दर्शनाची मदत होते यात शंका नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर बोट ठेवून ‘हे पाहा’ म्हटले की रुग्ण मान डोलावतो, पण त्याला खरोखर काही दिसलेले नसते, हे आपण सर्वजण जाणतो. तरीही येथे जपून पावले टाकायला हवीत. काही मिलिमीटरचा फुगा हेडसेटमध्ये माणसाएवढा दिसतो. डॉक्टरला त्याचे खरे माप ठाऊक असते. रुग्ण मात्र आपल्या डोक्यात एवढे मोठे काहीतरी आहे ही प्रतिमा घेऊन घरी जातो आणि रात्रभर जागतो. असे दर्शन घडवताना शेजारी ओळखीच्या मापाची वस्तू दाखवावी, खरे माप आकड्यात सांगावे, आणि रुग्ण एकटा असताना ते कधीही दाखवू नये. प्रत्यक्ष छेद घेतानाचे, रक्ताचे चित्रण तर सर्वसाधारण रुग्णाला दाखवण्याचे कारणच नाही. आपल्याला न जाणवणारी गोष्ट पाहून त्याच्या तयारीत काय भर पडणार?

शिवाय सर्वांनाच सर्व काही जाणून घ्यायचे नसते. सुझान मिलर या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने १९८० च्या दशकात हा भेद मांडला. काही माणसे संकटापुढे बारीकसारीक माहिती गोळा करून स्थिर होतात, तर काही माणसे लक्ष दुसरीकडे वळवून स्थिर राहतात. आणि स्वभावाला धरून माहिती दिली तर दोघांचाही ताण कमी होतो. वॉर्डात हे रोज दिसते. एक आजोबा सलाईनच्या बाटलीवरचे नाव वाचून त्यात काय आहे ते विचारतात, शेजारच्या पलंगावरचे दुसरे ‘तुम्ही जाणता, मला नका सांगू’ म्हणून कूस बदलतात. म्हणून हेडसेट पुढे करण्याआधी ‘पाहायचे आहे का, आणि किती पाहायचे आहे’ हे विचारले पाहिजे आणि मध्येच थांबवायची मुभा रुग्णाच्या हातात असली पाहिजे. जे नको म्हणतील त्यांनाही संमतीसाठी आवश्यक ती माहिती तोंडी द्यावीच लागेल, त्यातून सुटका नाही.

काही व्यावहारिक अडचणी थोडक्यात सांगते. डोळ्यांना हालचाल दिसते आणि आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, या विसंगतीमुळे काहींना हेडसेटमध्ये मळमळते. आधीच चक्कर येणाऱ्या, अपस्माराचा त्रास असलेल्या रुग्णांबाबत डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. चालत्या स्ट्रेचरचे चित्रण सावकाश, धक्के न देता करावे, आणि रुग्णाने ते बसून किंवा पडून पाहावे. जाड चष्मा, कानातले यंत्र, चेहऱ्यावरची किंवा डोक्याची जखम, डोळ्याचा संसर्ग, या सगळ्याचा विचार करावा लागतो. चेहऱ्याला टेकणारी स्पंजची गादी पुसून निर्जंतुक होत नाही. तिच्याऐवजी पुसता येणारी सिलिकॉनची गादी हवी आणि प्रत्येक रुग्णानंतर ती स्वच्छ करण्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर ठरलेले हवे. नाहीतर ते काम आपोआप ज्या परिचारिकेवर येऊन पडते, तिच्याकडे आधीच वीस कामे असतात.

चित्रण कोणाचे असावे, हा मात्र थोडक्यात सोडून देण्याजोगा प्रश्न नाही. बाहेरून विकत आणलेल्या फिल्ममधले चकचकीत थिएटर पाहून आलेल्या रुग्णाला प्रत्यक्षात वेगळी खोली, वेगळे कपडे आणि वेगळा क्रम दिसला, तर त्याचा विश्वास उडतो. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होणार त्याच रुग्णालयाची वाट, तिथलेच थिएटर, तिथलीच माणसे दिसली पाहिजेत. मास्क उतरवून ‘मी तुम्हाला भूल देणार आहे’ असे सांगणारा चेहरा हेडसेटमध्ये दिसला आणि तेच डोळे दुसऱ्या दिवशी मास्कवर दिसले, तर निम्मे काम झाले. संहिता लिहिताना शल्यविशारदांबरोबर भूलतज्ज्ञ, थिएटर व रिकव्हरीतल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट यांना बसवा, आणि तीच शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या चार रुग्णांना ‘तुम्हाला आधी काय कळायला हवे होते’ हे विचारा. त्यांची उत्तरे आपल्या कल्पनेबाहेरची असतात. खोकताना टाक्यांवर उशी कशी दाबून धरायची, पोटातून बाहेर आलेल्या ड्रेनच्या नळीसह कूस कशी बदलायची, पहिल्यांदा पलंगाखाली पाय सोडताना डोळ्यांपुढे अंधारी का येते, हे त्यात येईल. बोलणे रुग्णाच्या रोजच्या भाषेत असले पाहिजे. भाषांतरित पुस्तकी वाक्ये हेडसेटमध्येही तितकीच परकी वाटतात. आणि त्यात दुखण्याचा उल्लेख असलाच पाहिजे. जे चित्रण रुग्णालयाची जाहिरात म्हणूनही चालेल असे असते, ते रुग्णाच्या उपयोगाचे नसते.

संमतीविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आज पत्रकावर सही घेतात, उद्या ‘रुग्णाने हेडसेटवर बारा मिनिटे माहिती पाहिली’ अशी संगणकीय नोंद पुढे केली जाईल आणि तोच माहितीपूर्ण संमतीचा पुरावा मानला जाईल. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात जे तत्त्व सांगितले, ते येथे मार्गदर्शक आहे. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीला जो धोका महत्त्वाचा वाटेल, किंवा त्या विशिष्ट रुग्णाला जो महत्त्वाचा वाटेल हे डॉक्टरला कळायला हवे, तो धोका सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. आवाजाच्या दोरीला इजा होण्याचा अल्प धोका एखाद्याला किरकोळ वाटेल, पण गायनावर पोट असलेल्याला तोच निर्णायक वाटेल. आधीच चित्रित केलेली फिल्म समोरचा माणूस गातो की नाही हे विचारू शकत नाही. म्हणून हेडसेट उतरल्यावर डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित परिचारिकेने समोर बसून ‘उद्या काय काय होणार आहे ते मला तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणावे, रुग्ण सांगेल ते ऐकावे, चुकले तेथे सुधारावे. ‘समजले का?’ या प्रश्नाला रुग्ण नेहमी ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’वर विसंबून राहू नये.

भुलीबाबत तर ही खबरदारी फार मोलाची आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एका फार मोठ्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. पूर्ण भूल दिलेली असताना मध्येच जाग आल्याची तक्रार सुमारे १९ हजार भुलींमागे एक एवढी विरळ असल्याचे त्यात आढळले. मात्र आलेल्या तक्रारींपैकी सुमारे पाचवा हिस्सा अशा रुग्णांचा होता, ज्यांना पूर्ण भूल दिलीच नव्हती. केवळ गुंगीचे औषध दिले होते आणि आवाज ऐकू येणे, हालचाल जाणवणे हे अपेक्षितच होते. त्यांना ते आधी कळले नव्हते. औषध बरोबर होते, मात्रा बरोबर होती, तरीही माणूस ‘मला ऑपरेशनमध्ये जाग आली’ ही दहशत मनात घेऊन गेला. गुंगीच्या औषधाखाली काय ऐकू येईल, काय जाणवेल, कोण बोलत असेल, हे हेडसेटमधून पाच मिनिटांत अनुभवायला देता येते. मला विचाराल तर सर्वांत आधी हे चित्रण तयार करावे. त्यानंतर कमरेतून दिलेल्या भुलीचे, आणि मग रिकव्हरी रूमचे.

ही माहिती केव्हा द्यायची, तेही ठरवायला हवे. स्ट्रेचरवर चढवण्याच्या अर्धा तास आधी हेडसेट घालणे म्हणजे उशीर झालेला असतो. प्रश्न विचारायला वेळ नाही, नकार द्यायला धीर नाही. भूलपूर्व तपासणीसाठी रुग्ण येतो तो दिवस योग्य. त्याच वेळी सोबत आलेल्या माणसालाही ते दाखवावे, कारण घरी गेल्यावर रुग्णाची शंका तोच निरसणार असतो आणि रिकव्हरीबाहेर तासन्‌तास ताटकळणाराही तोच असतो.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की, हेडसेटची खरेदी करताना त्यासोबत मनुष्यबळाचाही हिशेब मांडावा. प्रत्येक रुग्णाचे पाहणे झाल्यावर त्याच्याशी बोलायला किमान पंधरा मिनिटे लागतात आणि ती पंधरा मिनिटे कोणाच्या तरी कामाच्या वेळापत्रकात लिहिलेली असावी लागतात. तशी तरतूद होणार नसेल, तर तूर्त हेडसेट घेऊ नये आणि तोच खर्च वॉर्डात एक परिचारिका वाढवण्यावर करावा, असे मी स्पष्टपणे म्हणेन. दोन्ही शक्य असेल तर उत्तमच. सुरुवातीला एकाच प्रकारची शस्त्रक्रिया निवडावी, हेडसेट वापरलेल्या आणि न वापरलेल्या रुग्णांना शुद्धीवर आल्यानंतर सारखेच प्रश्न विचारावेत, आणि आलेली उत्तरे, ती अनुकूल असोत वा प्रतिकूल, जाहीर करावीत. ते प्रश्न तयार करताना रिकव्हरी रूममधल्या परिचारिकांना विचारावे. रुग्ण डोळे उघडल्यावर पहिले वाक्य कोणते बोलतो, हे त्यांना ठाऊक असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका